सुतावरून स्वर्ग, डोकेदुखीवरून ट्यूमर!

रात्रीचा एक वाजलाय. डोकं ठणकतंय. शहाण्या माणसासारखं गोळी घेऊन झोपायचं, तर तुम्ही नेटवर लक्षणं टाकता. पंधरा मिनिटांत निदान तयार: ब्रेन ट्यूमर! आता फ्लॅटचा ईएमआय कोण भरणार?

हसू नका, गेल्या महिन्यात मी हेच केलं. सकाळी धावत फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास?’ चार वर्षं झाली होती!

माझी चूक काय झाली? ट्यूमर असेल तर डोकं दुखू शकतं, हे खरं. पण डोकं दुखतंय म्हणजे ट्यूमर, हे नव्हे. कारणाकडून लक्षणाकडे जाणारा रस्ता वन-वे असतो. डॉक्टरांना उलटं यायचं असतं, म्हणून ते आधी विचारतात, हा आजार मुळात होतो किती जणांना?

भले भले इथे घसरतात. 1978 साली हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या 60 डॉक्टर-विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं होतं. आजार हजारात एकाला. निरोगी माणसांपैकी 5 टक्क्यांना टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोक म्हणाले, 95 टक्के. आता आपण मोजू. हजारात खरा आजारी एक, पण उगाच पॉझिटिव्ह सुमारे पन्नास. म्हणजे शक्यता जेमतेम 2 टक्के! बरोबर उत्तर दिलं फक्त 11 जणांनी. या गणितामागे आहेत थॉमस बेज नावाचे इंग्लिश पाद्री. त्यांचा निबंध छापला गेला 1763 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

दुसरी गंमत ज्युडिया पर्ल या संगणकतज्ज्ञाची. घरातला अलार्म वाजला, की वाटतं चोर शिरला. तेवढ्यात रेडिओवर भूकंपाची बातमी येते आणि चोरावरचा संशय कमी होतो. एक कारण सापडलं, की बाकीचे संशयित मागे पडतात. चष्म्याचा नंबर निघाला आणि माझा ट्यूमर गायब!

पण थांबा. मागे पडतात, सुटत नाहीत. भूकंपाच्या गडबडीत चोरही शिरू शकतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत जळजळ झाली, दरदरून घाम आला. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं. आम्ही म्हटलं, ॲसिडिटी! कारण मिळालं, सगळे निर्धास्त. याच डॉक्टरांनी फोनवर आवाज चढवला, ‘आधी ईसीजी!’ हार्ट ॲटॅकच होता. वेळेत पोचलो म्हणून बाबा आज माझ्या ट्यूमरवर जोक करतात.

नंतर डॉक्टर म्हणाले, ‘शक्यता किती, हा एक प्रश्न. चुकलो तर किंमत किती, हा दुसरा. दोन्ही विचारायचे.’

तेव्हा डोकं दुखलं तर आधी चष्मा तपासा. छातीत दुखलं तर मात्र गणित नको. थेट हॉस्पिटल गाठा!