रिमोटच्या विमानाचा इतिहास भंगारात जाऊ नये

लग्नात ड्रोन घिरट्या घालू लागला की आपल्या वाशिंदची मुलं जेवण सोडून बघायला पळतात. पण रेडिओवर विमान उडवायची सुरुवात ड्रोनपासून झालेली नाही. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचं छोटं विमान रेडिओवर उडवलं. सुरुवातीच्या साध्या रेडिओ संचाला एकच बटण असायचं. ते दाबलं की पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर विमानाची शेपटी वळायची, बस्स! ‘गफ’ मात्र स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवलं.

आणि आपल्याकडे? १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर माणसाशिवाय विमान उडवलं, असं सांगतात. पण ना ते यंत्र उरलं, ना खात्रीचा पुरावा. म्हणून अभिमान बाळगणारे आणि शंका घेणारे आजही वाद घालतात.

ही चूक पुन्हा नको. एनसीसीच्या हवाई विभागात हलक्या बाल्सा लाकडाची विमानं बनवणारी कितीतरी मुलं आज आजोबा झालीत. त्यांच्या माळ्यावरचे संच, आराखडे उद्या भंगारवाल्याकडे जातील. माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या संग्रहालयाची वाट बघत बसू नये. असे आजोबा ओळखीत असतील तर वही घेऊन जा. विमान कुठे उडवलं, कोणत्या साली, इंजिन कोणतं, पडलं कसं, सगळं विचारा. फोटोमागे नावं लिहा. लिहून ठेवलं तरच त्याला इतिहास म्हणता येईल, नाहीतर नुसत्या गप्पा!