जुनं बिलिंग नवीन पीसीवर नेताय? इन्स्टॉल करू नका, उचलून न्या!



बऱ्याच दुकानांत जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अजून जोरात चालू आहे. नवीन विंडोजवर ते चालत नाही, म्हणून कोणीतरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकून बसवून दिलेलं असतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून नवीन पीसी घेणारे वाढलेत आणि प्रश्न एकच येतो: "सर, सगळं परत इन्स्टॉल करायचं का?"

माझं स्पष्ट मत: अजिबात नाही. नव्याने इन्स्टॉल करायला जुनी सीडी लागते, लायसन्स की लागते, आणि ती सॉफ्टवेअर कंपनी चालू असावी लागते. आतला कॉम्प्युटर मात्र शेवटी एक-दोन फाईल्सच असतो. तो अख्खा उचलून नेता येतो, आणि हे काम दुकानदाराने स्वतः समजून घेतलं पाहिजे.

कसं करायचं?

१. आतलं विंडोज नीट शटडाउन करा. नुसतं 'सेव्ह स्टेट' करून बंद करू नका.

२. व्हर्च्युअलबॉक्सच्या फाईल मेनूत 'एक्सपोर्ट अप्लायन्स' करा. एक ओव्हीए फाईल तयार होते. जुने स्नॅपशॉट त्यात येत नाहीत, फक्त आजची स्थिती येते.

३. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा.

४. नवीन पीसीच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा आणि 'इम्पोर्ट अप्लायन्स' करा. लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असेल, तर सगळे मॅक अ‍ॅड्रेस तेच ठेवण्याचा पर्याय निवडा.

लोक कुठे अडकतात?

शेअर्ड फोल्डरमध्ये. बिलांचा बॅकअप तिथे जात असेल, तर तो फोल्डर बाहेरच्या कॉम्प्युटरवर असतो. तो ओव्हीएत येत नाही, वेगळा कॉपी करावा लागतो. जुना पीसी भंगारात दिला की बॅकअपही गेला! जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शिफ्टिंग झाल्यावर जुन्या पीसीवर एकही बिल करायचं नाही. काउंटरवरच्या मुलाने सवयीने तिथे चार बिलं फाडली, तर एकाच नंबरची दोन बिलं तयार होतात. एका आर्थिक वर्षात बिल नंबर परत येता कामा नये, हा नियम आहे. म्हणून हे काम रात्री दुकान बंद झाल्यावर करा. शेवटच्या बिलाचा नंबर आणि कॅश बॅलन्स कागदावर लिहा, नवीन पीसीवर तोच दिसतोय का ते बघा. जुळलं, तरच सकाळी तिथे बिल करा. जुना पीसी महिनाभर तसाच ठेवा, पण वायर काढून.

आणि हो, विंडोज ७ चा सपोर्ट २०२० मध्येच संपलाय. त्यात इंटरनेट बंद ठेवा, नेट बँकिंग तर नकोच.

सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस उद्या फोन उचलेलच असं नाही. तुमच्या धंद्याचा हिशेब कोणत्या फाईलमध्ये आहे, हे तुम्हालाच माहीत हवं. आज दुकान बंद करताना ती फाईल शोधा आणि एक कॉपी घरी न्या.