एक नग, पंधरा किलो

गुलमर्गचा हंगाम आटोपून गट परतले, की या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत एरवी बर्फाची, हॉटेलांची आणि गोंडोलाच्या रांगांची चर्चा असते. यंदाची बहुतेक पत्रे मात्र सामानाविषयी आहेत. चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाणाऱ्या गटांतील ज्या प्रवाशांनी स्वतःची स्की सोबत नेली, त्यांना एकूण वजन मर्यादेच्या आत असूनही जादा आकार भरावा लागला, आणि ज्यांची दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची होती त्यांना तो दोनदा भरावा लागला. मराठवाड्यातून स्कीइंगला जाणारे गट मोजके असले तरी ही तक्रार किरकोळ मानता येणार नाही, कारण तिचे मूळ काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या अडेलपणात नसून नियमाच्या मांडणीतच आहे.

देशांतर्गत प्रवासात सामान्य श्रेणीच्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटातून विनामूल्य नेता येते. परंतु काही कंपन्यांनी या १५ किलोंना ‘एकच नग’ अशी अट जोडलेली आहे. नग म्हणजे स्वतंत्र टॅग लावून पट्ट्यावर सोडली जाणारी एक वस्तू. सहा किलोंची स्कीची पिशवी आणि आठ किलोंची कपड्यांची बॅग यांचे वजन १४ किलो भरले, तरी नग दोन झाले म्हणून दुसऱ्या नगाचे पैसे द्यावे लागतात, आणि शेजारच्या रांगेतील प्रवाशाची १५ किलोंची अवजड पेटी मात्र फुकट जाते. दुसरी अट मापाची आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रौढ व्यक्तीची स्की साधारणतः १५० ते १८० सेंटीमीटर लांब असते, म्हणजे अनेक जोड्या केवळ लांबीतच ही मर्यादा ओलांडतात. लहान मुलाची १२० सेंटीमीटरची जोडी २५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच पिशवीत घातली, तरी बेरीज १६० होते. ७८ बाय ५२ बाय २८ सेंटीमीटरची पेटी या दंडकात नेमकी बसते आणि विमानात सुमारे ११३ लिटर जागा व्यापते, तर १७० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरची स्कीची पिशवी जेमतेम ७६ लिटर जागा घेऊनही ‘अतिमोठे सामान’ ठरते. लांब वस्तू पट्ट्यावर अडकते, ती वेगळी हाताळावी लागते, हे मान्य केले तरी त्या हाताळणीचे शुल्क किती असावे आणि ते तिकीट काढतानाच स्पष्टपणे का सांगू नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली १५ ते २० किलो या टप्प्यासाठी प्रतिकिलो १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती; विमान कंपन्यांनी तिला आव्हान दिले आणि २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे कंपन्यांकडे गेले, हे खरे. पण नगांची संख्या आणि मापाची व्याख्या यांविषयी नियामकाने काहीच बोलू नये, असा त्याचा अर्थ काढणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. हिवाळी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा सरकार २०२० पासून गुलमर्गला भरविते, साहसी पर्यटनाच्या जाहिराती करते, आणि त्याच सरकारच्या नियामकाला तिथे जाणाऱ्या स्कीची लांबी मात्र दिसत नाही.

नियम बदलेपर्यंत व्यवहार कसा करावा, याबाबत आयोजकांनी स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे. नवशिक्याने स्की नेऊच नये. ती गुलमर्गला भाड्याने मिळते. न्यायचेच असतील तर बूट न्यावेत, कारण पायाला न बसणारा बूट शिकणाऱ्याचा संपूर्ण आठवडा वाया घालवितो. स्कीच्या बुटांची जोडी साडेतीन ते साडेचार किलोंची असते, आणि ७ किलो व एकूण ११५ सेंटीमीटर मापाच्या हातसामानात ती नीट मावते. शिवाय पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नियमानुसार हातसामानातच न्याव्या लागतात, त्यामुळे त्या बुटांच्या पोकळीत ठेवल्या की जागाही वाचते.

उरतो प्रश्न मुख्य बॅगेचा. मोठ्या आकाराची, चार चाकांची कठीण पेटी रिकामीच चार ते पाच किलो भरते, म्हणजे १५ किलोंपैकी जवळपास तिसरा हिस्सा पेटीच खाते. ९० लिटरची बिनचाकी डफल, म्हणजे नळकांड्याच्या आकाराची मऊ पिशवी, दीड ते दोन किलोंत मिळते. कठीण पेटीच घ्यायची तर पदार्थ पाहून घ्यावी. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक शून्याखालील तापमानातही आपला चिवटपणा टिकविते, तर साधे पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, आणि गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या तनमर्गला जीपच्या टपावरून उतरविताना त्याचा कोपरा तडकतो. मऊ पिशवीच्या कापडातील धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. ५०० ते १,००० डेनियरचे नायलॉन, आतून पॉलियुरेथेनचा लेप, दहा नंबरची चेन आणि उचलण्याचे पट्टे पिशवीच्या तळाखालून फिरवून शिवलेले असणे, एवढे पाहिले तरी पुरे. आकडा मोठा आणि कापड पॉलिस्टरचे असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्याच डेनियरचे नायलॉन घासण्याला अधिक टिकते.

चाकांचा मोह विशेष आवरावा. श्रीनगर विमानतळावर परतताना बाहेरच्या नाक्यावरच सगळे सामान वाहनातून उतरवून तपासले जाते आणि पुन्हा चढवावे लागते. जोराची बर्फवृष्टी झाली की तनमर्गला बस थांबते, सामान साखळ्या लावलेल्या जीपमध्ये जाते, आणि गुलमर्गला हॉटेलपर्यंत ते स्लेजवरून ओढले जाते. या वाटेवर चाके कुठेच फिरत नाहीत, ती केवळ वजन वाढवितात.

हे सारे ठाऊक असूनही बरेच आयोजक प्रवाशाला जी यादी देतात, तिच्यात कानटोपी, टॉर्च आणि औषधे असतात, बॅगेचे वजन नसते. त्याहून वाईट म्हणजे सहलीच्या नोंदणीवर संस्थेचे नाव छापलेली जी पिशवी भेट दिली जाते, तिची चेन अनेकदा पहिल्याच प्रवासात सुटते, आणि मग दिल्लीच्या पट्ट्यावर सुटे हातमोजे गोळा करण्याची पाळी गटप्रमुखावर येते. भेट द्यायचीच असेल तर नीट द्यावी, नाहीतर तो खर्च प्रवाशाच्या दरात कमी करावा.

प्रस्थानाआधीच्या शेवटच्या रविवारी गटाला दौलताबादला नेण्याची पद्धत काही संस्थांत आहे, ती सर्वांनी स्वीकारावी. प्रत्येकाने गुलमर्गसाठी भरलेलीच बॅग पाठीवर किंवा हातात घेऊन किल्ल्याच्या माथ्यापर्यंतची वाट चालावी. चढावर खांद्याला काचणारा पट्टा, उसवू लागलेली शिवण आणि अनावश्यक तिसरा स्वेटर हे तिथेच उघडे पडतात, आणि बदल करायला काही दिवस हाताशी असतात.

आता कृतीकडे. सामान तुटले तर विमानतळाच्या आगमन कक्षातून बाहेर पडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. या नोंदीला पीआयआर म्हणतात, आणि तिच्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहणे अवघड जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला २००९ पासून भारतालाही लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार तुटफुटीची लेखी तक्रार सात दिवसांत, आणि सामान उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. जॉर्जियातील गुडाउरी किंवा आल्प्सला गट नेणाऱ्यांनी हे आकडे पाठ ठेवावेत. देशांतर्गत नियमाबाबत महासंचालनालयाकडे मागण्या दोनच असाव्यात: मोफत वजनाच्या आत राहणाऱ्या स्कीच्या एका पिशवीला नगाची आणि १५८ सेंटीमीटरची अट लागू होऊ नये, आणि खेळसाहित्याचे शुल्क तिकीट काढण्याच्या वेळीच दाखविणे बंधनकारक व्हावे. निवेदन पुराव्यावाचून टिकणार नाही, म्हणून प्रत्येक आयोजकाने या हंगामातील जादा शुल्काच्या पावत्या, सामानाचे टॅग, पिशवीची मापे आणि काट्यावरील वजनाचे छायाचित्र महिनाअखेरपर्यंत या मासिकाकडे पाठवावे. ज्यांनी पावती मागितलीच नाही, त्यांनी ती संबंधित कंपनीकडून आता मागवून घ्यावी.