मोडलेल्या पुलाला कप द्या!

मंडळी, परवा इथे अबुधाबीत एका शाळेच्या फिजिक्स स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. आईस्क्रीमच्या काड्यांचे पूल करायचे, जो जास्त वजन पेलेल त्याला कप. जिंकलेला पूल म्हणजे नुसता फेविकॉलचा ठोकळा! तो बाबांनी रात्र जागून केलाय हे सांगायला ज्योतिषी नको.

एका मुलीचा त्रिकोणांचा हलकासा पूल मोडला. तिने मोडकी काडी उचलून दाखवली, "ही लांब होती, म्हणून आधी वाकली." अहो, १८व्या शतकात ऑयलरने हेच सांगितलं! दाबाखालच्या बारीक काडीची लांबी दुप्पट केली, की ती पाव भारालाच वाकते. पण नियमात तिच्यासाठी काहीच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. कप द्यायचा तर पेललेलं वजन भागिले पुलाचं वजन, यावर द्या. आणि निम्मे गुण 'कुठे मोडला, का मोडला' याला ठेवा. आपल्याकडे २०१६ साली महाडला सावित्रीवरचा पूल पुरात गेला, २०२५ साली कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा गर्दीसकट कोसळला. 'का मोडला' हे विचारायची सवय शाळेत नाही लावायची, तर कुठे?

बाबालोक, काड्यांचा पूल तरी मुलांना मोडू द्या!