सगळ्यांत धाकटा पुढे!



आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या घरचे सगळे येत्या ऑगस्टमध्ये ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला निघालेत. आई, बाबा, ती आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ. पत्रात प्रश्न एकच आहे, पण तो तीनदा विचारलाय : ‘एवढासा मुलगा तिथे चालेल का? त्याच्यामुळे आमचा ट्रेक अर्धवट तर नाही ना राहणार?’

चालेल की! आतापासून दर रविवारी त्याला एखाद्या टेकडीवर नेलंत, तर मजेत चालेल. मला काळजी आहे ती तुझी. का, ते सांगतो. पण आधी जागा नीट समजून घेऊ.

उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या वाटेवर गोविंदघाट नावाचं गाव लागतं. तिथे मोठा रस्ता सोडायचा. पुलना गावापर्यंत जीप जाते. पुढे आपले पाय! नऊ-दहा किलोमीटरची चढण संपली, की घांगरिया. फुलांच्या दरीत मुक्कामाला परवानगी नाही, तंबूसुद्धा ठोकता येत नाही. म्हणून सगळे राहतात घांगरियातच. सकाळी दरीत जायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. १९८२ साली ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारशाच्या यादीत आली. १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच दिवस ती उघडी असते. बाकीचे महिने सगळं बर्फाखाली.

आता उंची बघा. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. घांगरिया आहे साधारण ३,०५० मीटरवर. म्हणजे तिथल्या ज्या खोलीत तुम्ही पाय पसरून झोपणार, ती कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर! एवढ्या उंचीवर हवा विरळ होते. मुंबईत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासच तिथे मिळतो. शरीर ते हळूहळू जमवून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नाही दिला तर डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. आणि गंमत अशी, की हे चढताना होत नाही. वर पोचल्यावर काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री सुरू होतं. याला वैद्यकीय नाव मोठं आहे, पण पहाडात फिरणारे सरळ म्हणतात, ‘हाइट लागली’.

शाळेच्या संघात पळणाऱ्याला ती लागत नाही, असा एक समज आहे. साफ खोटा! उलट दमसास चांगला असलेली मुलं भराभर चढतात आणि तिथेच फसतात. एकदा आमच्याबरोबर दहावीतला एक मुलगा होता, फुटबॉलचा कप्तान. सगळ्यांच्या आधी दीड तास घांगरियात पोचून चहा पीत बसला होता. रात्री जेवताना ‘पोट भरलंय’ म्हणाला. सकाळी सगळे बूट बांधत असताना त्याची दुसरीतली बहीण आईला सांगत होती, ‘‘दादा रात्री दोनदा ओकलाय.’’ त्याने तिला गप्प बसायला डोळ्यांनी खुणावलं, पण ती काही ऐकेना! विचारलं तेव्हा कळलं, की डोकंही ठणकत होतं. ‘माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप फुकट जाईल’ म्हणून हे महाशय गप्प. वडील त्याला घेऊन तसेच खाली उतरले. संध्याकाळी गोविंदघाटला तो पराठे हाणत होता. उतरणं हेच त्यावरचं औषध. तसाच वर गेला असता, तर पुढचं मला इथे लिहावंसं वाटत नाही.

म्हणून म्हणतो, मैत्रिणी, धाकट्याकडे आई-बाबांचे चार डोळे असतात. तो जेवला नाही, खेळला नाही, उगाच किरकिर करायला लागला, तर त्यांना लगेच कळेल. तेरा-चौदा वर्षांचं माणूस मात्र ‘मला काही होत नाहीये’ इतकं छान म्हणू शकतं, की कुणालाही खरं वाटावं. रोज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने आपलं डोकं, पोट आणि झोप कशी आहे ते सांगायचं. बाबांनीसुद्धा! (बाबा लोक या बाबतीत तुमच्यापेक्षा पक्के असतात.) डोकं दुखतंय तोवर आणखी वर चढायचं नाही. दुखणं वाढलं, तोल जायला लागला, तर रात्र आहे की पाऊस आहे ते न बघता मोठ्यांबरोबर खाली. नुसती डोकेदुखीची गोळी घेऊन पुढे निघायचं नाही. कुठली औषधं न्यायची, ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता चालायचं कसं? सगळ्यांत धाकटा पुढे. वेग तो ठरवणार. बाकीच्यांनी त्याच्या मागे गप्पा मारत चालायचं. बोलताना धाप लागत असेल, तर आपण जास्त जोरात चाललोय असं समजा. शेवटी एक मोठं माणूस. वाटेवर खेचरं येतात, घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही, कारण पाठीवरचं ओझं सहज धक्का देऊन जातं. एक दिवस जोशीमठला काढा, घांगरियात किमान दोन रात्री राहा. दरीत खेचरं जात नाहीत, पण पाठीवर वेताची टोपली घेतलेले कंडीवाले असतात. छोटा दमला तर तो त्यात बसेल. तुम्ही चालून घामाघूम झालेले असाल आणि तो मात्र बसून गारठेल, तेव्हा त्याला स्वेटर आणि कानटोपी आधी. पाऊस रोजचाच. बदलायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, बूट महिनाभर वापरलेले न्या. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. खाऊला चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू, कागद मात्र परत आपल्याच खिशात.

दरीत गेल्यावर घाई करू नका. वाटेत भूर्जाची झाडं दिसतील. जुन्या पोथ्या ज्यावर लिहायचे ते भूर्जपत्र म्हणजे याच झाडाची साल. पापुद्रे सुटलेले दिसतात, हात शिवशिवतात, पण सोलायचं नाही. पुढे कमरेएवढा, कधी डोक्याएवढा गुलाबी तेरडा. हो, आपल्या अंगणातल्या तेरड्याचाच भाऊबंद! त्याच्याही पिकल्या शेंगा टच्‌कन फुटून बिया उडतात. नशीब असेल तर खडकांत निळी पॉपी दिसेल.

१९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक आणि त्याचे सोबती या दरीत उतरले, आणि पुढे १९३८ साली स्माइथने लिहिलेल्या पुस्तकामुळे तिचं नाव जगभर झालं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही वनस्पती गोळा करणारी बाई इथे आली आणि कड्यावरून पाय घसरून गेली. तिच्या बहिणीने बसवलेला दगड अजून दरीत आहे. तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं मुळीच नाही. दुपारी किती वाजता मागे वळायचं, ते सकाळीच ठरवा. घड्याळात तेवढे वाजले की जिथे असाल तिथून वळा, मग पुढच्या वळणावर काहीही असो.

राहता राहिलं हेमकुंड. ते ४,३०० मीटरच्याही वर आहे, चढण खडी. दरी झाल्यावर, तिसऱ्या दिवशी, ज्यांचं डोकं-पोट ठीक असेल त्यांनीच जावं. वर गुरुद्वाराच्या लंगरमध्ये गरमागरम खिचडी आणि चहा मिळतो. जो घांगरियात राहील त्याच्याजवळ एक मोठं माणूस थांबणार. ते आई की बाबा, हे आदल्या रात्री जेवतानाच ठरवून टाका.