माल पाच ठिकाणी, पैसा कुठेच नाही : सिंधुदुर्गातल्या छोट्या उद्योगांच्या विक्रीचा हिशेब

गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला परतले आणि गावागावातल्या छोट्या उद्योगांना पुन्हा तोच प्रश्न पडला आहे. उरलेला माल आता कुठे विकायचा? मे महिन्यात रातांबे फोडून केलेली आमसुलं (आपली सोलं), आगळ, फणसपोळी, आंब्याची साठं, काजूगर, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ यातलं बरंच काही अजून घरात आहे. पुढे दिवाळी आहे आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला आहेच.

अशा वेळी जो भेटतो तो एकच सल्ला देतो. 'ऑनलाइन जा', 'प्रदर्शनात स्टॉल लाव', 'गोव्यात माल टाक', 'व्हॉट्सॲपवर ग्रुप काढ'. सल्ले चुकीचे नाहीत. पण हे सगळं एकदम करायला गेलेल्यांचा अनुभव काय? वर्षअखेरीला विक्री वाढलेली दिसते, हातात मात्र काही राहत नाही. गटातल्या बायकांची मजुरी थकते आणि पुढच्या हंगामात रातांबे घ्यायला पैसे नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उद्योग बंद पडतो. माल वाईट होता म्हणून नाही, तर विक्रीच्या प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळा असतो हे कोणी सांगितलं नाही म्हणून.

एकच पाकीट, चार हिशेब

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यापुरते आहेत, आपापले टाकून बघा. अर्धा किलो आमसुलाच्या पाकिटाला रातांबे, मीठ, मजुरी, पाऊच, लेबल धरून १५० रुपये खर्च येतो आणि छापील किंमत २५० रुपये ठेवली आहे.

घरून किंवा व्हॉट्सॲपवर विकलं, पाठवणावळ गिऱ्हाईकाने दिली आणि खोक्याचे १० रुपये गेले, तर पाकिटामागे ९० रुपये उरतात. पैसे त्याच दिवशी खात्यात.

दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर आपल्याला साधारण १८७ रुपये मिळतात. पोचवण्याचा खर्च सात रुपये धरला तर उरतात ३०. तेही महिना-दीड महिन्याने, आणि न खपलेला माल परत येतो तो वेगळाच. पावसाळ्यात आमसुलाला पाणी सुटतं, तेव्हा परत आलेलं पाकीट बहुतेक वेळा वायाच.

मुंबईच्या प्रदर्शनात पाकिटामागे १०० रुपये सुटतात खरे. पण दोघांचा प्रवास, राहणं, जेवण, मालाचं भाडं मिळून २० हजार गेले, तर पहिली २०० पाकिटं नुसती खर्च भरून काढायला विकावी लागतात. ३०० पाकिटं विकून दहा हजार घेऊन आलो, तर पाकिटामागे ३३ रुपयेच पडले. दहा दिवसांची स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही.

ऑनलाइन बाजारात कमिशन, कुरिअर, पॅकिंग आणि परत येणारा माल मिळून एका पाकिटाला १०० रुपये लागले, तर उरतं शून्य. तीच चार पाकिटं एका खोक्यात, हजार रुपयांना विकली तर कुरिअरचा खर्च चौपट होत नाही. एकूण २२० रुपये गेले तरी १८० उरतात, म्हणजे पाकिटामागे ४५.

म्हणजे 'कुठे जास्त खपतं' एवढंच विचारून चालत नाही. 'कुठे किती उरतं आणि कधी हातात येतं' हे विचारावं लागतं. आपल्याकडे दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण आपला सगळा पैसा एप्रिल-मेमध्ये मालात अडकतो आणि तो वर्षभर थोडा थोडा सुटतो.

घरी दोनशे, दुकानात अडीचशे

बहुतेकांची सुरुवात घरून किंवा आठवडा बाजारातून होते. तिथे दुकानदाराचा वाटा नसतो, म्हणून खर्च १५० आणि किंमत २००. पुढे दुकानदार म्हणतो, माझे २५ टक्के. मग दुकानासाठी किंमत २५० होते आणि घरी दोनशेच राहते. महिन्याभरात दुकानदाराला कळतं. त्याचं गिऱ्हाईक सरळ आपल्या अंगणात येतं, आणि तो आपला माल मागच्या फळीवर टाकतो. त्याचं काय चुकलं?

यावर उपाय एकच. पहिल्या दिवसापासून दुकानदाराचा वाटा धरून छापील किंमत ठरवायची आणि ती सगळीकडे सारखी ठेवायची. घरी येणाऱ्या जुन्या गिऱ्हाईकाला सवलत द्यायची तर दोन किलोच्या मोठ्या पाकिटात द्या, जे दुकानात ठेवतच नाही. पर्यटकाला लहान पाकीट हवं, ते मालवण-तारकर्लीच्या दुकानात. कुरिअरने जायचं ते चारचं खोकं. वाट बदलली की पाकीट बदलायचं, पण त्याच पाकिटाचा दर बदलायचा नाही.

म्हापसा जवळ, मुंबई लांब

बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या मंडळींना म्हापशाचा बाजार मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण जीएसटीच्या नियमात गोष्ट उलटी आहे. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र करपात्र माल राज्याबाहेर, म्हणजे गोव्यातल्या दुकानाला पाठवला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईला नोंदणीशिवाय माल जाऊ शकतो, तासाभरावरच्या म्हापशाला नाही.

ऑनलाइनचंही थोडंफार असंच. पूर्वी ऑनलाइन बाजारात विकायचं तर नोंदणी हवीच होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन एक क्रमांक घ्यावा लागतो. पुणे-मुंबईच्या गिऱ्हाईकासाठी ही सवलत पुरेशी आहे. बंगळूरला पाठवायचं तर नोंदणी आलीच. आपला माल करपात्र आहे का, हे आधी करसल्लागाराला विचारून घ्या.

यात एक नवी भर पडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅम, सॉस, नमकीन, फळांच्या रसाची पेयं यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला बरंच आहे. पण नोंदणी नसलेल्या छोट्या उद्योगाला मोठ्या ब्रँडच्या तुलनेत कराचा जो फायदा मिळत होता, तो आता कमी झाला. दर खाली खेचत त्यांच्याशी लढण्यात अर्थ नाही. आपण विकायचं ते गावाचं नाव, ताजेपणा आणि ओळख. 'सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम' आणि 'वेंगुर्ला काजू' यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण ते नाव आणि चिन्ह पाकिटावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ते काम अनेकांचं राहून गेलेलं असतं.

उधारीवर कायदा आहे, कागद हवा

दुकानदाराला माल देताना चिठ्ठी नसते, तारीख नसते. 'पुढच्या खेपेला देतो' यावर वर्ष निघून जातं. खरं तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असा केंद्राचा कायदा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराची जोडही मिळाली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, आयकरात धरता येत नाही. त्यामुळे शहरातले मोठे खरेदीदार आता उद्यम क्रमांक स्वतःहून विचारतात. ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

गावच्या दुकानदारावर कोणी कायदा दाखवायला जाणार नाही, तशी गरजही नाही. पण बिल फाडून द्या, त्यावर तारीख आणि मुदत लिहा. पहिल्या खेपेचे पैसे आल्यावरच दुसरी खेप.

चाकरमानी ही आपली सगळ्यात मोठी वाट

जाहिरातीवर खर्च न करता आपल्याला मिळालेलं गिऱ्हाईक म्हणजे चाकरमानी. गणपतीला, शिमग्याला, आंगणेवाडीच्या जत्रेला, मे महिन्यात तो येतो. पिशवीभर घेऊन जातो आणि मग वर्षभर आपण त्याला विसरतो. मुंबईत मात्र तो सोलकढीसाठी कुठलंतरी आगळ विकत घेत असतोच.

म्हणून विकताना दोन गोष्टी कराव्यात. त्याचं नाव, नंबर, गाव आणि काय नेलं हे वहीत लिहा. आणि आपला नंबर त्याच्या फोनमध्ये त्याच्यासमोर सेव्ह करून घ्या. हे का, तर व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टने पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ माणसं बसतात. अशी एक यादी भरली आणि त्यातल्या पन्नास घरांनी तीन महिन्यांनी एकदा खोकं मागवलं, तरी वर्षाला दोनशे खोकी झाली. रोज 'शुभ सकाळ' पाठवू नका, लोक ब्लॉक करतात. नवा माल आला, सण जवळ आला, तेव्हाच पाठवा.

प्रदर्शनाकडेही असंच बघायला हवं. उमेदच्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनात दहा दिवसांत किती विकलं याला महत्त्व आहेच. पण तिथून तीनशे नंबर आणले असतील तर त्या २० हजारांची वसुली पुढे वर्षभर होत राहते. नंबर न घेता परतलो, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यंत्राला अनुदान, विक्रीला काय?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. त्यातून यंत्रं आली, चांगलं झालं. ब्रँडिंग आणि विक्रीसाठीही या योजनेत मदत आहे, पण ती गट, उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था यांच्यासाठी. म्हणजे एकट्याने पाच वाटा धरण्यापेक्षा चार-पाच गटांनी मिळून एक वाट पक्की करणं सोपं. एकाचं आगळ, दुसऱ्याचं कुळीथ पीठ, तिसऱ्याचा मसाला, असं एकच खोकं मुंबईला गेलं तर कुरिअर वाटून जातं आणि गिऱ्हाईकालाही एका जागी सगळं मिळतं. तालुक्यातल्या बैठकांमध्ये यंत्रांबरोबर या गोष्टीचीही मागणी व्हायला हवी.

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑनलाइन ऑर्डरची घाई करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ऑनलाइन कंपन्यांनी ग्राहकाच्या हाती अन्नपदार्थ पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक ठेवावी, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. महिनाभर टिकणारा लाडू त्या वाटेचा नाही. तो ओळखीच्या यादीतच विकावा. आमसुलं, पीठ, मसाला, काजू मात्र लांब जाऊ शकतात.

आज रात्री एक वही काढा आणि पानावर पाच रकाने आखा : विक्रीची वाट, किती पाकिटं गेली, पाकिटामागे किती उरले, पैसे किती दिवसांनी आले, किती माल परत आला. गेल्या सहा महिन्यांचं आठवून भरा. ज्या वाटेवर उरत नाही, तिथे पाकीट बदला किंवा ती वाट सोडा. जिथे उरतं तिथे पुढचे सहा महिने ताकद लावा. नवी वाट त्यानंतर. पुढच्या मे महिन्यात रातांबे घ्यायला पैसे कुठून येणार, हे या पानावरून आजच कळेल.