हरलेला डाव सोडावा कसा?

या सदरांत आजवर पंक्तीचे, पत्रलेखनाचे व सभेचे शिष्टाचार सांगून झाले. खेळाचा शिष्टाचार मात्र राहिला होता. सुट्टीच्या दिवसांत घरोघर बुद्धिबळाचा पट मांडला जातो, आणि बहुतेक तंटे डाव चालू असतांना नव्हे, तर तो संपतांना होतात. हरणारा पट उधळतो, जिंकणारा त्याला चिडवितो, आणि गाऱ्हाणीं स्वयंपाकघरापर्यंत जातात. म्हणून हरलेला डाव केव्हां व कसा सोडावा, याचा आज थोडा विचार करूं.

आपल्या जुन्या देशी खेळांत डाव मध्येंच सोडण्याचें फारसें प्रयोजन नव्हतें. तेथें नुसती हारजीत पाहत नसत; जीत कशी झाली, तेंहि पाहत. प्याद्यानें केलेली मात विशेष भूषणाची. उलट हरणाऱ्याचा एकटा राजा उरला, तर 'बुर्जी' झाली म्हणत, व ती पुऱ्या मातेहून हलकी गणीत. म्हणजे हरणाऱ्यालाहि शेवटपर्यंत कांहीं वांचविण्यासारखें उरत असे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या भेदांस स्थान नाहीं. मात प्याद्यानें होवो कीं वजिरानें, गुण एकच; आणि खेळाडूनें "डाव सोडला" असें म्हटलें कीं डाव तेथेंच संपतो. त्यामुळें उघड हरलेला डाव रेंगाळत ठेवणें, हें प्रतिपक्ष्याच्या कौशल्याविषयीं अविश्वास दाखविण्यासारखें मानलें जाऊं लागलें.

तथापि सोडण्याची घाई हाहि दोषच होय. १९०२ सालीं माँटे कार्लो येथील स्पर्धेंत गेऑर्ग मार्को हा नामांकित खेळाडू इग्नात्स फॉन पोपील याच्याशीं खेळत होता. आपला उंट आतां जाणार, असें पाहून मार्कोनें डाव सोडला. वस्तुतः तोच उंट पांढऱ्या राजाच्या शेजारच्या घरांत नेला असता, तर मातेची धमकी व वजिरावर मारा एकाच चालीनें होऊन डाव मार्कोचाच होता. जेथें असे मुरब्बी चुकतात, तेथें मुलांनीं तर मात होईपर्यंत खेळावें, हेंच बरें. समोरचाहि नवशिका असेल, तर तो एखादे वेळीं राजाला शह न देतां त्याची चाल मात्र कोंडून टाकतो, आणि आजच्या नियमांप्रमाणें डाव बरोबरींत सुटतो. शिवाय हातीं आलेला डाव शेवटास कसा न्यावा, हें शिक्षण दोघांनाहि मिळतें. डाव सोडण्याचा अधिकार त्याला, ज्याला पुढची मात स्वतः दिसते. केवळ राग आला किंवा कंटाळा आला, हें कारण नव्हे.

आतां रीत. संदिग्धपणें नुसता हात पुढें करूं नये, कारण बरोबरी झाल्यावरहि हस्तांदोलन करतात. "मी डाव सोडला," असें स्पष्ट म्हणावें, मग हात द्यावा. १९७२ सालीं रेक्याविक येथील जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत सहावा डाव फिशरनें इतका सुंदर जिंकला, कीं हरलेल्या स्पास्कीनें प्रेक्षकांबरोबर स्वतः टाळ्या वाजविल्या. उलट १ जून २०२५ रोजीं स्टाव्हांगर येथें मॅग्नस कार्लसन गुकेशविरुद्ध हातचा डाव घालवून बसला, तेव्हां त्यानें टेबलावर मूठ आपटली आणि मोहरीं उडालीं. पुढें त्यानें हस्तांदोलन केलें, जातांना गुकेशची पाठहि थोपटली. पण लोकांच्या लक्षांत मूठच राहिली.

जिंकणाऱ्याचेंहि कर्तव्य आहे. "सोड आतां, काय उरलें आहे?" असें म्हणण्याचा अधिकार त्याला नाहीं, सोडणें ही सर्वस्वीं हरणाऱ्याची इच्छा. १२ डिसेंबर २०२४ रोजीं सिंगापूर येथें डिंग लिरेननें शेवटचा डाव सोडला व अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. त्या क्षणीं त्याचे अश्रु आवरेनात. तरी त्यानें मोहरीं पुन्हां ज्याच्या त्याच्या घरीं लावलीं आणि पटाला हात जोडले. घरीं एवढें जरी प्रत्येकानें केलें, तरी अर्धे तंटे मिटतील.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. नातवापुढें डाव बिघडला कीं कित्येकांना एकाएकीं संध्येची आठवण होते आणि पट गुंडाळला जातो. कित्येक मायेपोटीं मुद्दाम हरतात. दोन्ही प्रकार मुलांना कळतात, आणि दोहोंतून ते खोटेपणाच शिकतात. खरोखर हरल्यावर आजोबांनीं "बाळ, मी डाव सोडला, ही घोड्याची चाल मला दिसली नव्हती," असें सर्वांसमक्ष म्हणावें. त्यानें वडीलपणा कमी होत नाहीं. पुढें परीक्षेंत, नोकरींत वा भाऊबंदांच्या वादांत या मुलांना केव्हांतरी हार कबूल करावी लागणारच. ती मान ताठ ठेवून, मनांत विष न ठेवतां कशी करावी, हें त्यांनीं प्रथम घरच्या पटावरच पाहिलेलें असावें.